‘ट्रस्टेड बायर’ला मराठीत काय म्हणाल?

रानजाई: खवले मांजराच्या तस्करीवरचा एक इंग्रजी अहवाल मराठीत आणतेय. त्यात पानोपानी ‘ट्रस्टेड बायर’. मी ‘विश्वासू ग्राहक’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘विश्वसनीय’ केलं. मला विश्वसनीय म्हटलं की बातमीतली सूत्रंच आठवतात. काय लिहू?

मुंगळा: विश्वासू एकतर नोकर, नाहीतर पत्राखालचा ‘आपला विश्वासू’. धंद्यात ‘खात्रीचा माणूस’ म्हणतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यापारच गुन्हा. ना पावती, ना कोर्टात दाद. गंडवलं तर बोंब कुठे मारणार? म्हणून ओळखीशिवाय पान हलत नाही. वाघांची शिकार-तस्करी करणाऱ्या संसारचंदच्या प्रकरणांत बायको-भाऊसुद्धा अडकले ते उगाच नाही.

पेन्शनर: ‘खात्री’ आली अरबी ‘खातिर’वरून. आपला ‘पत’ शब्द असताना ही उसनवारी कशाला?

रानजाई: ‘पतीचा ग्राहक’ लिहिलं तर वाचक नवरा शोधत बसतील, काका.

सातपुडा: वनखात्यात रोजंदारीवर होतो. मांडूळ विकणाऱ्याकडे आमचा माणूस गिऱ्हाईक बनून जायचा. पेपरात त्याला ‘बनावट ग्राहक’ म्हणतात, आम्ही ‘पंटर’. समोरचा आधी नोटांचा व्हिडिओ मागायचा. आम्ही म्हणायचो, सापाशेजारी आजचा पेपर ठेवून फोटो पाठव. विश्वास, पत असलं काही कुणी बोलत नसे. ‘पार्टी पक्की आहे ना?’ एवढंच.

मुंगळा: आणि विसार घ्यायचे?

सातपुडा: घ्यायचे की. ‘टोकन’ म्हणायचे.

पेन्शनर: विसार! तो ‘विश्वास’चाच अपभ्रंश असणार.

मुंगळा: पुरावा? आमच्याकडे इसार म्हणतात. मग ‘व’ कुठे गेला?

पेन्शनर: विळ्याचा इळा होताना जातो तिथेच.

मुंगळा: म्हणजे इसार अशुद्ध? आमच्या घराची इसारपावती वकिलाने लिहिलीय!

गोदाकाठ: हवाल्यात दहाच्या नोटेचा नंबर जुळला की पैसे हातात. घेणारा कोण, कुठला, कुणी विचारत नाही. त्या नोटेला काय म्हणाल, पतपत्र?

पेन्शनर: खूण. शिवाय ‘हवाला’ही अरबीच.

रानजाई: अहो, उद्या मजकूर द्यायचाय. ‘पक्की पार्टी’ लिहू का?

पेन्शनर: पार्टी इंग्रजी.

मुंगळा: भरवशाच्या म्हशीला टोणगा! रानजाई, बिनधास्त लिहा.

पेन्शनर: बिनधास्त?? आणि इसाराचं उत्तर राहिलंय. दुपारी कोश काढून बसतो.