बास्केटबॉलच्या चुरशीच्या मॅचमध्ये रेफरीशी बोलावं कसं?

पीटी सर, दारव्हा: राजेहो, शेवटची 2 मिनिटं, एका गुणाचा फरक. मी बेंचवरून ओरडलो, "फाऊल काहून नाही देत बाप्पा?" तर मलेच टेक्निकल, म्हणजे वागण्याचा फाऊल! मग विचारावं कधी?

रेफरी, वणी: सर, चालू खेळात मी बॉल बघू का तुम्हाले? बॉल डेड, म्हणजे खेळ थांबलेला, अन् घड्याळ बंद असलं की कर्णधाराला पाठवा. फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या) नियमात त्याला नीट विचारता येतं. "सर, 7 नंबरचं कोपर बघा जरा," एवढं पुरे. हात पसरून पब्लिककडे वळलात, की मी ऐकतच नाही.

पीटी सर: अन् टेक्निकलचं?

रेफरी: समोरच्याले 1 फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बास्केटमध्ये बॉल टाकायची संधी. तुमच्याच वागण्याचे 2 झाले, की सर बाहेर.

जुना खेळाडू: आमच्याकडे कॉमेंट्रीचा भोंगा बेंचच्या डोक्यावरच बांधतेत. सर ओरडतीन नाही त काय!