दोन वर्षांनी पुन्हा सुरू करताना (अनुभव धागा, जून 2022)

मोगरीची_वेल
किराणा दुकानापुढे अंतर राखायला रंगवलेले पिवळे गोल अजून आहेत, नुसते पुसट झालेत. काल एक छोटी त्यांच्यावरून उड्या मारत ठिकरी खेळत होती आणि 25 मार्च 2020 आठवला. त्या दिवशी पाडवा होता आणि टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी, 1 एप्रिलला, राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. मधल्या काळात लग्नाला 50 माणसं, मग 25 आणि तीही दोन तासांत. अंत्यविधीला 20. घरचा गणपती दोन फूट, मंडळाचा चार. माऊलींच्या पादुका एसटीतून पंढरीला.

परवानगी एका दिवसात आली. भजन, पंगत, वारी, जाणं-येणं एवढ्या झटकन परत येत नाही. वस्तू बिघडल्यात, हात विसरलेत, माणसं गेलीत. ज्याला ज्यातलं कळतं त्यानं लिहा: आधी काय तपासायचं, काय बिघडतं, का बिघडतं.

शाई_आणि_कणीक
देवळातल्या पखवाजापासून सुरुवात करा. मार्च 2020 मध्ये घाईत कुलूप लागलं आणि बऱ्याच ठिकाणी धुमेवरची (डाव्या तोंडावरची) कणीक तशीच राहिली. कणीक भजन संपलं की त्याच दिवशी खरवडून, ओल्या फडक्यानं पुसून काढायची असते. राहिली की आंबते, चामडं कुजतं, वर झुरळं आणि उंदीर. अशी पुडी (तोंडावरचं चामडं) वाचत नाही, नवीन घाला.

पुडी धड असेल तरी थेट चढवू नका. दोन वर्षं कोरड्या खोलीत पडलेलं चामडं एका दमात ताणलं की मधल्या काळ्या शाईच्या कडेनं फाटतं. बाजूचे लाकडी गठ्ठे समोरासमोरचे घ्या. एक इकडचा, एक तिकडचा, प्रत्येकाला हलका ठोका. मग रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन दिवसांत सुरात येतो. चामड्याची वादी बोटानं वाकवून बघा, भेगा दिसल्या तर आधी वादी बदला. आणि शाईला पाण्याचा हात लावू नका, पापुद्रे सुटतात.

भाता
वर दादांनी पखवाजाचं लिहिलं, मी पेटीचं लिहितो. भाता भरा, पुढचे ओढायचे सगळे खुंटे आत ढकला, पट्टीला हात लावू नका. हवा लगेच ओसरली तर भात्याच्या घडीत किंवा कोपऱ्यावरच्या चामड्यात भोक आहे. खुंटे उघडल्यावर पट्टी न दाबता सूर वाजत राहिला तर पट्टीखालचं फेल्ट कसरीनं खाल्लंय किंवा स्प्रिंग मेलीय. सूर मुका असेल तर बहुतेक वेळा नुसता धुळीचा कण असतो. पातळ कागदाची पट्टी सुराच्या पितळी जिभेखालून अलगद फिरवा, सुटतो.

पितळी सुरांवर हिरवट थर आला असेल तर ब्लेडनं खरवडू नका. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. एका खरवडीत सप्तक बिघडतं आणि मग जाणकाराला सगळी पेटी नव्यानं लावावी लागते.

रेवती७
ताई, धागा फार गरजेचा. कुकर लावलाय, रात्री लिहिते 🙏

चुलाणावरचा
पंगतीबद्दल. मंगल कार्यालयाची, देवस्थानाची पितळी पातेली कल्हई केल्याशिवाय वापरू नका. आत पिवळं पितळ उघडं दिसतंय म्हणजे कल्हई गेली. त्यात ताक, आमटी, चिंचेचं सार ठेवलं की कळकतं आणि शंभर माणसांना उलट्या होतात. पातेलं आधी राख-चिंचेनं घासून, तापवून, नवसागर टाकून, मग कथील लावून कापसानं फिरवायचं. सध्या कथलात शिसं मिसळलेलं येतं, म्हणून कांडी स्वतः बघा. शुद्ध कथील वाकवताना कानाशी कुरकुर ऐकू येते. शिसं कागदावर पेन्सिलीसारखी रेघ ओढतं.

शेगडीच्या जेटमध्ये कोळ्यानं घर केलेलं असतं, ज्योत पिवळी येते. बारीक तारेनं साफ करा. रबरी नळीवर छापलेलं साल बघा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तेही.

अंदाजाचं सांगतो. शंभर पानांना भाताचे सगळे प्रकार मिळून 9 ते 10 किलो तांदूळ, तूरडाळ अडीच ते तीन किलो, हे जुनंच. पण आता म्हातारी माणसं गर्दी टाळून पहिल्याच पंगतीला बसतात. पहिली पंगत मोठी धरा, त्यांना पानांत हातभर अंतर द्या आणि वाढप्यांना घाई करू देऊ नका. दोन वर्षांनी एका ओळीत बसलेली माणसं बोलणारच.

ठाण्याची_माहेरवाशीण
काका, ठाण्यात कल्हईवाला कुठे मिळेल? आमच्याकडे आजीचं मोठं पातेलं आहे.

चुलाणावरचा
मावशी, तांबट आळी किंवा जुन्या भांड्यांच्या बाजारात विचारा. नेण्याआधी आतून घासू नका, तो आधी भांडं बघून काय ते ठरवतो.

घाटमाथा
वारीला जाणाऱ्यांसाठी. 21 जूनला माऊलींचं प्रस्थान, 10 जुलैला एकादशी, मध्ये जवळपास अडीचशे किलोमीटर. पुणे ते सासवड एका दिवसात तीसेक किलोमीटर आणि त्यातच दिवे घाट. दोन वर्षं घरात बसलेल्या पायांना हे अंगावर येतं. आजपासून रोज चार किलोमीटर, चार दिवसांनी सहा, मग आठ. वारीत घालायच्याच चपला घालून चाला. नवीन चपला प्रस्थानाच्या दिवशी घालू नका.

कोविड होऊन गेलेल्यांनी घरी सहा मिनिटं सलग चालून बघावं, आधी आणि नंतर ऑक्सिमीटर लावून. आकडा 93 खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त उतरला तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निघू नका. माऊली पुढच्या वर्षीही बोलावतील.

दिंडीचा टँकर: 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे 10000 लिटरला 50. पावडर बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरची निवळी टँकरमध्ये ओता, अर्धा तास थांबा. ग्रामपंचायतीत पडून राहिलेलं 2020 चं उघडं पोतं वापरू नका. क्लोरीन उडून गेलेला असतो, उग्र वास आला नाही म्हणजे नुसता चुना उरलाय.

पावशेर
ऑक्सिमीटरवरून आठवलं. कपाटात ठेवला असेल तर सेल काढून ठेवा. सेल पाझरतात आणि आतल्या पट्ट्या गंजतात.

रेवती७
आले. भेटायला जाण्याबद्दल लिहिते, कारण ते सगळ्यात मागे राहिलंय. 2020-21 मध्ये ज्यांच्या घरचं कुणी वारलं त्यांच्या दारात कितीतरी नातेवाईक अजून गेलेलेच नाहीत. "आता एवढ्या दिवसांनी काय जायचं" म्हणून थांबू नका. दुपारी चारनंतर जा, जेवणाची वेळ टाळा. "कसं झालं, कुठल्या दवाखान्यात?" हे विचारू नका, त्यांनी ते शंभरदा सांगितलंय. गेलेल्या माणसाची एखादी चांगली आठवण सांगा, त्यांना तेच हवं असतं.

मग कागदांचं विचारा. 50 हजारांचं सानुग्रह अनुदान मिळालं का? चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून 30 दिवसांच्या आतला मृत्यू, घरी झाला असला तरी, धरला जातो. दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही म्हणून अनेक बायकांनी अर्जच केला नाही. 20 मार्च 2022 आधीच्या मृत्यूंची मुदत मे महिन्यात संपली, पण खरीच अडचण असेल तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे कारणासह जाता येतं. आई-वडील दोघेही गेलेत अशा मुलांच्या नावे शासनाची पाच लाखांची ठेव आहे. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जायचं. नवरा गेलेल्या बाईला या कामांना एकटीला पाठवू नका, सोबत जा.

शिरोळकर
रेवतीताई, हात जोडतो. याला जोडूनच: आमच्या शिरोळ तालुक्यातल्या (जि. कोल्हापूर) हेरवाड ग्रामपंचायतीनं 4 मे रोजी विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, सगळं बंद. शासनानं त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही आवाहन केलं. महामारीनं पंचविशी-तिशीतल्या किती मुली विधवा केल्या ते गावोगाव दिसतंय.

आपल्या गावात करायचं असेल तर विषय ग्रामसभेच्या नोटिशीत आधी यायला हवा, ऐनवेळचा ठेवला की टोलवला जातो. नोटीस सात दिवस आधी. त्याआधीच्या महिला सभेत हाच विषय घ्या, म्हणजे बायका तयार होऊन येतात. सूचक आणि अनुमोदक यांची नावं इतिवृत्तात लिहून घ्या, ठरावाची नक्कल मागा. ठराव झाल्यावर हळदीकुंकवाला पहिलं आमंत्रण त्याच घरी द्या.

टिपरू_थापी
घाईत. ढोल पथकवाल्यांनो, गणपती 31 ऑगस्टला आहे. सराव सुरू करताना ढोलाची दोन वर्षांची जुनी दोरी आधी बदला. वरून धड दिसते, ताण दिला की तुटते आणि कडी तोंडावर येते. नवीन मुलांना पहिला आठवडा रिकाम्या हातांनी हात बसवू दे, ढोल कमरेला नंतर. बोटांना चिकटपट्टी फोड येण्याआधी लावा. आणि कानात कापूस नको, फोमचे बोळे घाला.

ठाण्याची_माहेरवाशीण
कल्हईवाल्यांचा पत्ता लागला. रविवारी येतो म्हणाले. आमच्या चाळीतली अजून सहा घरं भांडी देणार आहेत.

चुलाणावरचा
मग नवसागराचा धूर लागणार, लहान मुलांना लांब ठेवा. कल्हईवाल्यांना ऊन असताना मोकळ्यात बसवा, पाऊस आला तर भट्टी विझते.