सोसायटीतील घरी लहान मुलगी कामाला आहे, कोणाला कळवावे?

घोडबंदरवासी:
आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका सोसायटीत राहतो. वरच्या मजल्यावरील एका घरी दिवाळीपासून एक मुलगी राहून काम करते. वय बारा-तेराच्या पुढे नसावे. परवा लिफ्टमध्ये ती बाळाला कडेवर घेऊन उभी होती, तेव्हा तिच्या बोटांची कातडी साबणाच्या पाण्याने सोललेली दिसली. शाळेविषयी विचारले, तर "पाचवी झाली" एवढेच म्हणाली आणि दाराकडे तोंड फिरवून उभी राहिली. घरमालकांशीच बोलावे, असे यजमानांचे मत आहे. पण त्याने तिचेच हाल वाढतील, अशी मला धास्ती वाटते.

समितीवरील जुना सदस्य:
ताई, तुमची धास्ती रास्त आहे. मी काही वर्षे बालकल्याण समितीवर, म्हणजे संकटातील मुलांच्या काळजीचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीवर होतो. एका प्रकरणात घरमालकाला कुणकुण लागली आणि सुटकेसाठी निघालेले पथक पोहोचण्याच्या आदल्या रात्रीच मुलीला हलवले गेले. तिचा माग लागायला तीन आठवडे लागले. तुम्ही १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. ही सेवा निःशुल्क असून चोवीस तास चालते. इमारत, मजला आणि ती खाली केव्हा येते, एवढे सांगा, आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती करा. तिची उलटतपासणी घेऊ नका, फोटो तर मुळीच काढू नका. चौदा वर्षांखालील मुलांना परक्याच्या घरी कामाला ठेवणे हा गुन्हा आहे, आणि वय त्याहून जास्त निघाले तरी अठरा वर्षांखालील मुलाची कमाई अडवून ठेवणे बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७९ खाली गुन्हाच ठरते. सुटकेनंतर, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत तिला समितीपुढे हजर करावे लागते.

घणसोलीतील शिक्षिका:
सुटकेइतकीच मला पुढची काळजी वाटते. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून तिला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार चौदापर्यंतच्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. मात्र घरची ओढाताण तशीच राहिली, तर अशी मुलगी पुन्हा कामाला धाडली जाते, हे मी माझ्याच वर्गात पाहिले आहे. आई किंवा वडील हयात नसतील, तर मुलांना घरीच वाढवण्यासाठी मदत देणाऱ्या राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज करता येईल का, हे समितीपुढे जरूर मांडायला सांगा. त्यातून महिन्याला २,२५० रुपये मिळतात.

घोडबंदरवासी:
आज दुपारी फोन केला. रोज सकाळी साडेदहाच्या सुमारास ती बाळाला घेऊन बागेत येते, हे त्यांना सांगितले आहे. यजमानही आता घरमालकांकडे जाणार नाहीत.