प्रार्थनेपलीकडचं लिव्हिंगस्टोनिया

कुणीतरी विचारलंय की परदेशातल्या मिशनच्या चर्चमध्ये रविवार सोडून बाकी आठवडा काय चालतं. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या लिव्हिंगस्टोनिया या मिशनचं सांगतो.

स्कॉटिश मिशनऱ्यांनी 1875 मध्ये मलावी सरोवराच्या दक्षिण टोकाला काम सुरू केलं. मलेरियाने माणसं गेली. 1881 मध्ये सरोवराकाठचं बंडावे आणि शेवटी 1894 मध्ये डोंगरावर, अशी जागा दोनदा बदलली. मिशनरी डॉ. रॉबर्ट लॉज या मिशनमध्ये पन्नासेक वर्षं राबले. शाळेत अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, छपाईही शिकवत. दवाखाना आजही चालू आहे.

पण सगळं श्रेय गोऱ्यांना देऊ नका, एवढी विनंती. तिथल्या न्गोनी जमातीच्या लोकांत पहिला विश्वास कमावला तो विल्यम कोयी या दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा जमातीच्या प्रचारकाने. त्यांची भाषा त्याला जवळची होती, म्हणून ते शक्य झालं. 1886 मध्ये तो तिथेच वारला. त्याचं नाव फार कमी ठिकाणी वाचायला मिळतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तिथला आठवडा बायकांच्या मंडळावर चालतो, त्याला 'उमन्यानो' म्हणतात. आजाऱ्याला भेटायचं, मयताच्या घरी मक्याचं पीठ आणि सरपण पोचवायचं, सगळ्यांसाठी न्सिमा शिजवायचा. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आपल्या उकडीच्या जवळचा.

गाण्यांचं तर विशेषच. तिथल्याच लोकांनी आपल्या चालींवर भक्तिगीतं रचली. मराठी चालींवर ख्रिस्ती भजनं रचणाऱ्या रेव्हरंड टिळकांची गाणी ऐकत वाढलेल्यांना ही गोष्ट लगेच कळेल.