छत्तीस फ्रेमचा रोल, हजार फोटोंचं कार्ड : कॅमेरा घेऊन केलेली एक भटकंती सांगा

माळ्यावरची ट्रंक आवरताना बाबांचा अग्फा क्लिक थ्री कॅमेरा हाती लागला. बडोद्यात बनलेला, काळ्या प्लास्टिकचा. 120 चा रोल घातला की बारा चौकोनी फोटो. बाबा एक रोल वर्षभर पुरवायचे: गणपतीचे दोन, दिवाळीचे दोन, कुणाचं तरी बारसं. मी पंधरा वर्षं डिजिटलवर फोटो काढतोय, रविवारी बाहेर पडलो तर चारशे काढून येतो. माझं दोन्हींवर प्रेम आहे. रोल असो की कार्ड, तुमची एक भटकंती या धाग्यावर लिहा. लेन्सची यादी नको. त्या दिवशी काय पाहिलंत आणि कॅमेऱ्याने तुम्हाला काय करायला लावलं, ते सांगा.

*

दिवेघाट. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला जाते तो दिवस. माझ्याकडे पेंटॅक्स के1000, आत इलफोर्ड एचपी5 हा काळा-पांढरा रोल. हडपसर सोडलं आणि उजेड मोजणाऱ्या मीटरची बॅटरी गेली. या कॅमेऱ्याचं शटर बॅटरीवाचून चालतं, पण उजेड आपणच जोखायचा. काकाने शिकवलं होतं: लख्ख उन्हात अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, 16 वर (आकडा लहान तर भोक मोठं) आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओएवढा, म्हणजे तिला उजेड किती चटकन टिपता येतो त्या आकड्याएवढा. 400 ची फिल्म, म्हणून 1/500 सेकंद. आभाळ भरलेलं होतं, तेव्हा अपर्चर 5.6 वर आणलं आणि दिवसभर हलवलं नाही.

घाटातल्या वळणावर डोक्यावर तुळस घेतलेल्या बायकांची रांग समोर आली आणि नेमका रोल संपला. वरून पाऊस. रस्त्याकडेला उकिडवा बसून रोल बदलायला लागलो, तर एका आजींनी आपला प्लास्टिकचा कागद माझ्यावर धरला. "भर माऊली, सावकाश भर." त्यांची दिंडी पुढे गेली, त्या थांबल्या. नव्या रोलचा पहिला फोटो त्यांचाच. कुठे पाठवू विचारलं, तर म्हणाल्या, "पुढच्या साली हितंच दे की." पुढच्या वर्षी प्रिंट घेऊन त्याच वळणावर सकाळपासून उभा होतो. त्या दिसल्या नाहीत. प्रिंट अजून कॅमेऱ्याच्या पिशवीत असते, दर वर्षी घाटात सोबत येते.

*

हरिश्चंद्रगड, मित्राकडून घेतलेला जुना रशियन झेनिट कॅमेरा. पाचनईकडून चढलो, केदारेश्वराच्या गुहेतलं कमरेएवढं पाणी, संध्याकाळी कोकणकडा, सगळं काढलं. फोटोंचा आकडा छत्तीसवर गेला, मग अडतीस, मग चाळीस. तिथे पोटात गोळा आला. फिल्मचं टोक आतल्या रिळावर धरलंच नव्हतं. रोल जागचा हलला नव्हता आणि मी दोन दिवस लिव्हर ओढत होतो.

नवीन लोकांसाठी मुद्दाम सांगतो: रोल भरल्यावर सैल भाग गुंडाळून घ्या आणि लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची (रोल परत गुंडाळायची) खुंटी फिरते का ते बघा. फिरत असेल तर फिल्म पुढे सरकतेय. एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर! मात्र त्या चाळीसपैकी बरेच फोटो मला आजही तोंडपाठ आहेत. गुहेतला एकच उरलेला खांब, त्याच्यामागे पाण्यात पाय टाकून उभी माझी बहीण.

*

मी डिजिटलवाली. भिगवणजवळ कुंभारगाव, उजनीचं पसरलेलं पाणी, फेब्रुवारीतली पहाट. रोहित पक्षी दिसले आणि मी बटण सोडलंच नाही. तासाभरात सहाशे फोटो. नावाडीदादांनी इंजिन कधीच बंद केलं होतं, बांबूने होडी ढकलत होते. ते हळूच म्हणाले, "ताई, त्यांनी माना वर केल्या की समजायचं आपण लई जवळ आलोय." तेव्हा कॅमेरा खाली ठेवला आणि पहिल्यांदा नीट बघितलं. चोच उलटी करून पाण्यात फिरवतात, पायांनी गाळ ढवळतात.

मग होडी लांबच थांबवायला सांगितली. फोटोत पांढरी पिसं जास्त उजेडाने कोरी दिसत होती, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, थोडं कमी केलं. शेवटच्या अर्ध्या तासात अकरा फोटो काढले. भिंतीवर लावलाय तो त्यातलाच.

*

जेजुरी, सोमवती अमावस्या. भंडारा उधळत असताना लेन्स बदलू नका. मी बदलली. सेन्सरवर पिवळी पूड बसली, साफ करून घेण्यात दोन महिने गेले. घरूनच एक लेन्स लावून निघा आणि कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधा.

*

नागपूरची मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, पोळ्याचा दुसरा दिवस. मी रोल घरीच धुतो, म्हणून काळा-पांढराच नेला. इतवारीत पोचल्यावर लक्षात आलं की पिवळी मारबत माझ्या फिल्मवर फिकट राखाडी उतरणार, तिचा पिवळेपणा राहणारच नाही! मग पुतळ्यांकडे पाठ फिरवली. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असं गच्चीवरून, दुकानाच्या ओट्यावरून ओरडणारे चेहरे काढले. लेकराला पुतळ्याकडे उंच धरणाऱ्या आया काढल्या. रंगीत रोल असता तर मी पुतळ्यांवरून नजर हटवली नसती.

धुताना वेगळी कसरत. डी-76 या डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात, 20 अंशाला साडेसात मिनिटं, आणि आमच्या नळाला तीस अंशाचं पाणी. परातीत बर्फ घालून त्यात डेव्हलपरचा डबा ठेवायचा, थर्मामीटर बघत राहायचं. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, डेव्हलपर पातळ होतो. हायपोनंतर (चित्र पक्कं करणारं रसायन) डबा उघडून ओली पट्टी बल्बसमोर धरली. आई शेजारी येऊन उभी राहिली आणि उलट्या रंगातही तिने आमच्या गल्लीतल्या काकू ओळखल्या.

*

भंडारदऱ्याकडचे काजवे. जूनचा पहिला आठवडा, हिरड्या-सादड्याची झाडं. ट्रायपॉडवर तीस-तीस सेकंदांचे साठ फोटो काढून एकावर एक रचायचे, म्हणजे अख्खं झाड लुकलुकताना दिसतं. पहिल्या वर्षी जमलं. दुसऱ्या वर्षी गाड्यांचे दिवे, मोबाईलच्या बॅटऱ्या, झाडाखाली आरडाओरडा. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना उजेडानेच शोधतात, त्या झगझगाटात त्यांनी काय करावं? फार वाईट वाटलं. माझा पहिला फोटो बघून बारा-पंधरा जणांनी जागा विचारली होती आणि मी सगळ्यांना सांगितली होती. आता सांगत नाही. टाकलेला फोटोही काढून घेतला. जातो अजून, बिनकॅमेऱ्याचा, अंधारात बसतो.

*

धागा काढणारा मीच. हे वाचून क्लिक थ्रीत रोल भरला. सात फोटो झाले, पाच उरलेत. रविवारी दादरच्या फूलबाजारात जाणार आहे. या कॅमेऱ्याला ऊन लागतं, म्हणून पहाटे न जाता नऊच्या पुढे. बाबा पण येतो म्हणालेत, त्यातले दोन त्यांनी काढायचेत.