कॅलेंडरात काल तृतीया, आज पंचमी. मधली चतुर्थी कुणी खाल्ली?

घड्याळजी: पंचांगवाल्यांना साधं मोजता येत नाही आणि आपण त्यांच्या भरवशावर उपास धरतो. तारखेसारखी रात्री बाराला तिथी बदला. एक दिवस, एक तिथी. विषय संपला.

उगवती: हे वाचून राहवलं नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. पृथ्वीजवळ असला की तो पळतो, लांब असला की रेंगाळतो. म्हणून कधी १९ तासांत आटोपते, कधी २६ पर्यंत जाते. सूर्योदयाला जी चालू, ती त्या दिवसाची. चतुर्थी काल उजाडल्यावर लागली, आज उजाडायच्या आत संपली, म्हणून क्षय. दोन सूर्योदय पाहिले असते तर वृद्धी. चौकटीतला बारीक टाईप वाचत चला.

घड्याळजी: मग कालच्या तृतीयेच्या चौकटीत संकष्टी कशी? तेव्हा सूर्योदय झोपला होता?

उगवती: संकष्टीला चंद्रोदयाची चतुर्थी लागते. घरात कुणालाही विचारा.

वऱ्हाडी_उपाशी: चंद्रोदयाचं काढलंच आहे तर ऐका. नागपुरात चंद्र मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. भिंतीवर मोठ्या अक्षरात वेळ मुंबईची. गच्चीवर चंद्र दिसतोय, ताटं वाढलेली, मोदक निवताहेत आणि सासूबाई म्हणतात, "अजून वेळ झाली नाही."

दादरचा_बाळ्या: इतर शहरांच्या वेळा असतात की पानावर.

वऱ्हाडी_उपाशी: असतात, मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या. सगळं मुंबई-पुण्याच्या सोयीनं, विदर्भाला तळटीप.

दादरचा_बाळ्या: झालं! चंद्राचाही अनुशेष निघाला.

वऱ्हाडी_उपाशी: भरल्या पोटी विनोद बरे सुचतात तुम्हाला.

रत्नांग्रीकर: मिनिटांवरून कसले भांडता? आमच्याकडे टिळक पंचांग, संक्रांत १० जानेवारीला. शाळेत तिळगूळ नेला की पोरं विचारायची, "एवढी घाई कसली रे?" अधिक महिना वेगळा पडला की गणपतीच महिनाभर पुढेमागे.

घड्याळजी: घ्या! तुमचं तुमच्यातच एकमत नाही.

उगवती: तिथीवर आहे हो! चंद्र-सूर्यातलं अंतर कुठूनही मोजा, तेवढंच. वाद राशी कुठून मोजायच्या याचा, चित्रा ताऱ्याच्या आधारानं की रेवतीच्या. चार अंशांचा फरक, म्हणून संक्रांत चार दिवस अलीकडे. आणि तुमच्या रात्री बारानंही क्षय टळत नाही. १९ तासांची तिथी दोन मध्यरात्रींच्या मध्येही मावते.

घड्याळजी: बरं, पळतो तुमचा चंद्र. पण जन्माष्टमीला मध्यरात्रच धरता ना?

उगवती: धरतो. वर्षातला एक सण तुमचा, अभिनंदन.

घड्याळजी: घेतला. आता क्षय तिथी तेवढी लाल शाईत छापायला सांगा. आमचे डोळे चंद्रासारखे पळत नाहीत.