मदत हवी आहे: ऊस ट्रॉलीचे ब्रेक लाइट आणि इंडिकेटर

नमस्कार मंडळी. गळीत हंगाम तोंडावर आलाय, त्याआधी ट्रॅक्टरमागे एकामागे एक जोडायच्या दोन्ही ट्रॉल्यांचे मागचे लाइट पक्के करायचे आहेत. रात्री भरलेली ट्रॉली मागच्याला दिसत नाही आणि माणसं जिवानिशी जातात. नुसत्या रिफ्लेक्टरवर भागवायचं नाही.

वायरिंग १२ व्होल्टचं, सात पिनी सॉकेट. इंडिकेटर चालू असताना ब्रेक दाबला की मागच्या ट्रॉलीचे दिवे मंद होतात, टेल लाइटसुद्धा इंडिकेटरच्या तालावर लुकलुकतो. अर्थिंग (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट) ट्रॉली जोडायच्या हुकाच्या पिनेतूनच येतं, तिथं गंज आणि ग्रीस. दिव्याच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वायर धरली की सगळं लख्ख पेटतं. म्हणजे अर्थिंगची स्वतंत्र वायर ओढायचीच. पण दोन ट्रॉल्यांच्या लांबीला दीड चौरस एमएम जाडीची पुरेल की अडीचची घ्यावी?

दुसरं, फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा डबा. एका बाजूला २१ वॅटचे चार बल्ब, म्हणजे ८४ वॅट, सात अँपिअर. मूळ फ्लॅशर दोनच बल्बांचा. मोठा फ्लॅशर बसवू, की ट्रॉल्यांसाठी वेगळा फ्यूज आणि रिले (कमी करंटवर चालून जास्त करंट जोडणारा स्विच)? एलईडी लावलेत कुणी? खडबडीत रस्त्यावर टिकतात का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.